टायगर, डिक

(१४ ऑगस्ट १९२९–१४ डिसेंबर १९७१). सुप्रसिद्ध नायजेरियन मुष्टियोद्धा आणि मध्यम (मिडलवेट) व हलका-जड (लाइट हेवीवेट) अशा दोन वजनगटांतील जागतिक अजिंक्यवीर. मूळ नाव रिचर्ड इहेतू. नायजेरियाच्या स्वातंत्र्याच्या सुरुवातीच्या वर्षांत त्या नवोदित राष्ट्राचा सर्वांत परिचित खेळाडू म्हणून त्याला मान्यता मिळाली. परंतु पुढे त्याच राष्ट्रात उद्‌भवलेल्या यादवी युद्धात त्याने फुटून निघालेल्या बिआफ्राचा पक्ष घेतला. त्यामुळे त्याची कारकीर्द क्रीडेच्या इतिहासाबरोबरच आधुनिक आफ्रिकेच्या राजकीय इतिहासाच्या दृष्टीनेही उद्‌बोधक ठरते.

बालपण व हौशी काळ : टायगरचा जन्म ब्रिटिश अंमलाखालील नायजेरियाच्या आग्नेय भागात, ओर्लूजवळच्या आमाइग्बो या गावी इग्बो जमातीतील एका शेतकरी कुटुंबात झाला. हा प्रदेश ताडतेलाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होता आणि आबा हे त्याचे मुख्य बाजारपेठेचे शहर. टायगर लहान वयातच उपजीविकेसाठी आबा येथे आला आणि रिकाम्या बाटल्या गोळा करून विकणे व बाजारात किरकोळ मालाची ने-आण करणे, अशी कामे करू लागला. कष्टाची, काटकसरीची व व्यापाराची सवय त्याला येथेच लागली. मुष्टियुद्धातील कमाई स्थावर मालमत्तेत गुंतविण्याची त्याची पुढील काळातील वृत्ती याच संस्कारातून आली.

इग्बो समाजात कुस्तीची परंपरा जुनी असली, तरी हातमोजे घालून नियमानुसार खेळावयाचे मुष्टियुद्ध ब्रिटिशांबरोबर नायजेरियात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर लष्करी छावण्यांतून, बंदरांतील शहरांतून व तरुणांच्या क्रीडामंडळांतून त्याचा प्रसार झाला. आबा येथील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी चालविलेल्या मंडळांतून टायगरने या खेळाचे प्राथमिक शिक्षण घेतले आणि स्थानिक हौशी सामन्यांत भाग घेतला. त्याच्या आक्रमक खेळावरून त्याला ‘टायगर’ हे टोपणनाव मिळाले व पुढे तेच रूढ झाले. त्या काळी आफ्रिकेतील होतकरू तरुणांना दीर्घ हौशी कारकीर्द करण्यासारखी परिस्थिती नव्हती. ऑलिंपिकसारख्या स्पर्धांपर्यंत पोहोचण्याची संधी फार थोड्यांना मिळे आणि खेळातून चार पैसे मिळविणे ही निकड असे. त्यामुळे टायगरचा हौशी काळ अल्प ठरला. १९५२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमारास, त्याने व्यावसायिक मुष्टियुद्धात पदार्पण केले. आबा, लागोस व अन्य शहरांतील सामन्यांत त्याने नाव मिळविले, तथापि तेथील मोबदला अगदीच तुटपुंजा होता.

इंग्लंडमधील वास्तव्य : १९५५ च्या अखेरीस टायगर बोटीने लिव्हरपूल येथे गेला. पश्चिम आफ्रिकेशी सागरी व्यापार करणाऱ्या या बंदरात आफ्रिकी वंशाच्या लोकांची जुनी वस्ती होती. होगन बॅसी हा नायजेरियाचाच मुष्टियोद्धाही त्यापूर्वी तेथे स्थायिक झाला होता. बॅसीने २४ जून १९५७ रोजी पॅरिस येथे शेरीफ हामियाचा पराभव करून फेदरवेट गटाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि तो नायजेरियाचा पहिला जागतिक विजेता ठरला. त्याच्या यशामुळे पश्चिम आफ्रिकेतील अनेक तरुण मुष्टियोद्धे लिव्हरपूलकडे आकृष्ट झाले.

टायगरची सुरुवात मात्र निराशाजनक झाली. इंग्लंडमधील पहिले चारही सामने तो हरला. कडाक्याची थंडी, अपरिचित आहार, एकाकीपणा आणि एका रंगाच्या कारखान्यात दिवसभर काम करून संध्याकाळी करावा लागणारा सराव यांमुळे त्याची शक्ती खर्ची पडत होती. या काळात त्याने मायदेशी परतण्याऐवजी आपल्या खेळात सुधारणा केली. नुसत्या धडाक्याने पुढे जाण्याची जुनी पद्धत सोडून तो बचावात नेटकेपणा आणू लागला. १४ मे १९५७ रोजी लंडनमधील शोरडिच येथे त्याने टेरी डाउन्स या लोकप्रिय तरुण इंग्लिश मुष्टियोद्ध्यास पाच फेऱ्यांत पराभूत केले. हाच डाउन्स पुढे १९६१ मध्ये मध्यम वजनगटाचा जागतिक विजेता झाला. २७ मार्च १९५८ रोजी लिव्हरपूल येथे टायगरने पॅट मॅकॅटियर यास नवव्या फेरीत बाद करून ब्रिटिश साम्राज्याचे मध्यम वजनगटाचे अजिंक्यपद मिळविले.

अमेरिकेतील प्रगती : १९५९ मध्ये टायगर अमेरिकेत गेला. तेथे जर्सी जोन्स हा त्याचा व्यवस्थापक होता. त्या वेळी अमेरिकेतील व्यावसायिक मुष्टियुद्ध दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला दाखविले जाई व मध्यम वजनगटात अत्यंत चुरशीची स्पर्धा होती. त्याच वर्षी जोई जिआर्डेलो याच्याशी झालेल्या दोन सामन्यांपैकी एक टायगरने व एक जिआर्डेलोने जिंकला. जून १९६० मध्ये कॅनडातील एडमंटन येथे विल्फ ग्रीव्ह्‌ज याच्याकडून त्याने साम्राज्याचे अजिंक्यपद गमावले, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच शहरात ग्रीव्ह्‌जला नवव्या फेरीत हरवून ते परत मिळविले. १९६२ च्या प्रारंभी फ्लोरेंतिनो फर्नांदेस व हेन्री हँक या बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांवर त्याने मिळविलेल्या विजयांमुळे जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीसाठी त्याचा हक्क डावलणे अशक्य झाले.

खेळाची पद्धत : टायगरची उंची सुमारे १७३ सेंमी. म्हणजे त्या वजनगटाच्या मानाने बेताची होती. खांदे व छाती मात्र भरदार होती. हनुवटी खाली, हात वर व शरीर किंचित पुढे झुकविलेले ठेवून तो सतत प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने सरकत असे आणि जवळ पोहोचताच पोट व बरगड्यांवर ठोसे लगावी. डाव्या हाताचा वक्र ठोसा, म्हणजे हूक, हे त्याचे प्रमुख अस्त्र होते. एका ठोशात सामना संपविण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्यास क्रमाक्रमाने थकविण्यावर त्याचा भर असे. म्हणूनच पंधरा फेऱ्यांच्या लढती त्याला मानवत. दीर्घ पल्ल्याचे ठोसे मारून सतत मागे सरकणारा चपळ प्रतिस्पर्धी त्याला अडचणीत आणी. त्याच्या बऱ्याच पराभवांचे कारण हेच होते. रिंगणाबाहेर तो मितभाषी, शिस्तप्रिय व अत्यंत साधेपणाने राहणारा होता. निर्णयांविषयी तक्रार करण्याची अथवा प्रतिस्पर्ध्याचा उपमर्द करण्याची त्याला सवय नव्हती. त्यामुळे अमेरिकी क्रीडापत्रकारांत त्याच्याविषयी आदर होता.

मध्यम वजनगटाचे अजिंक्यपद : २३ ऑक्टोबर १९६२ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथील कँडलस्टिक पार्कमध्ये टायगरची लढत जीन फुलमर याच्याशी झाली. फुलमर हा अमेरिकेच्या यूटा राज्यातील दणकट मुष्टियोद्धा असून जागतिक मुष्टियुद्ध संघटनेची मान्यता असलेले मध्यम वजनगटाचे अजिंक्यपद त्याच्याकडे होते. दोघांचीही पद्धत समोरासमोर भिडण्याची असल्याने लढत अटीतटीची झाली. तीत टायगरने पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर विजय मिळविला. २३ फेब्रुवारी १९६३ रोजी लास व्हेगास येथे झालेला या दोघांचा दुसरा सामना बरोबरीत सुटला व अजिंक्यपद टायगरकडेच राहिले.

तिसरी लढत नायजेरियात भरविण्यात आली. १० ऑगस्ट १९६३ रोजी इबादान येथील लिबर्टी स्टेडियममध्ये झालेली ही लढत, दक्षिण आफ्रिका वगळता सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत झालेली मुष्टियुद्धाची पहिली जागतिक अजिंक्यपद-लढत होय. नायजेरियाला स्वातंत्र्य मिळून (१ ऑक्टोबर १९६०) तीन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. उत्तरेतील हौसा-फुलानी, पश्चिमेतील योरुबा व पूर्वेतील इग्बो या तीन मोठ्या समाजांचे राजकीय पक्ष परस्परांकडे संशयाने पाहत होते व पश्चिम प्रदेशात १९६२ मध्ये आणीबाणीही पुकारावी लागली होती. या पार्श्वभूमीवर इबादानसारख्या योरुबा शहरात एका इग्बो मुष्टियोद्ध्याचा हजारो प्रेक्षकांनी केलेला जयजयकार विशेष अर्थपूर्ण होता. टायगरने त्या दिवशी आपल्या कारकीर्दीतील एक सर्वोत्कृष्ट खेळ केला. सातव्या फेरीअखेर फुलमर पुढे खेळू शकला नाही आणि त्यानंतर तो पुन्हा कधीही रिंगणात उतरला नाही.

७ डिसेंबर १९६३ रोजी अटलांटिक सिटी येथे जिआर्डेलोने टायगरला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरविले. फेरलढतीसाठी टायगरला जवळजवळ दोन वर्षे थांबावे लागले. या अवधीत त्याने जीन फुलमरचा भाऊ डॉन फुलमर याचा पराभव केला, जोई आर्चरकडून हार पत्करली आणि २० मे १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘हरिकेन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रूबिन कार्टरला तीनदा खाली पाडून निर्णायक विजय मिळविला. २१ ऑक्टोबर १९६५ रोजी त्याच ठिकाणी त्याने जिआर्डेलोकडून अजिंक्यपद परत मिळविले. पुढे २५ एप्रिल १९६६ रोजी वेल्टरवेट गटाचा विजेता एमिल ग्रिफिथ याने त्याचा गुणांवर पराभव केला. या सामन्याच्या नवव्या फेरीत टायगर कारकीर्दीत प्रथमच ठोशाने खाली पडला. निर्णयाबाबत जाणकारांत मतभेद झाले.

हलका-जड वजनगट : ग्रिफिथकडून झालेल्या पराभवानंतर टायगरची कारकीर्द संपली, असे अनेकांना वाटले. वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्याने वरच्या वजनगटात उतरण्याचे ठरविले. या गटाची कमाल मर्यादा १७५ पौंड (सुमारे ७९.४ किग्रॅ.) असून मध्यम गटाची १६० पौंड (सुमारे ७२.६ किग्रॅ.) आहे. १६ डिसेंबर १९६६ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्वेर्त रीकोचा होसे तॉरेस हा विजेता त्याच्यापुढे होता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील रौप्यपदकविजेता असलेला तॉरेस त्याच्याहून तरुण, उंच व वजनदार होता. तरीही टायगरने पंधरा फेऱ्यांत गुणांवर विजय मिळविला. मध्यम वजनगटाच्या जागतिक विजेत्याने हलक्या-जड गटाचेही अजिंक्यपद मिळविण्याची ही बॉब फिट्‌झसिमन्सनंतरची पहिलीच घटना होय. १६ मे १९६७ रोजी झालेल्या फेरलढतीतही तीन निर्णायकांपैकी दोघांनी टायगरच्या बाजूने कौल दिला. तॉरेसच्या समर्थकांनी निकालानंतर रिंगणाच्या दिशेने बाटल्या व इतर वस्तू फेकल्यामुळे सभागृहात दंगल उसळली.

यादवी युद्ध व बिआफ्रा : तॉरेसवरील दुसऱ्या विजयानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३० मे १९६७ रोजी, नायजेरियाच्या पूर्व प्रदेशाने बिआफ्रा या नावाने स्वातंत्र्य जाहीर केले. त्याची कारणे आदल्या वर्षातील घटनांत होती. जानेवारी १९६६ मधील लष्करी उठाव आणि जुलैमधील प्रतिउठाव यांनंतर उत्तर नायजेरियात इग्बो लोकांच्या भीषण कत्तली झाल्या. लक्षावधी निर्वासित पूर्वेकडे परतले. जुलै १९६७ मध्ये केंद्र सरकार व बिआफ्रा यांच्यात युद्ध सुरू झाले.

टायगरने बिआफ्राचा पक्ष उघडपणे घेतला. तोपर्यंत नायजेरियाच्या एकतेचे प्रतीक मानल्या गेलेल्या या खेळाडूच्या निर्णयामागे स्वजनांवर ओढवलेल्या संकटाची जाणीव होती. बिआफ्राच्या सैन्यात त्याला लेफ्टनंटचा हुद्दा देण्यात आला. सैनिकांना शारीरिक शिक्षण देणे व त्यांचे मनोधैर्य टिकविणे, ही कामे त्याच्याकडे होती. बंदरे केंद्र सरकारच्या ताब्यात जाऊन नाकेबंदी आवळत गेली, तसतसा लिस्बन व साओ तोमे बेट यांवरून होणारा विमानप्रवास हाच बिआफ्राशी संपर्काचा मुख्य मार्ग उरला. अशा परिस्थितीत एकीकडे सैन्यातील सेवा व दुसरीकडे अमेरिकेतील अजिंक्यपदाच्या लढती अशी दुहेरी जबाबदारी त्याने सांभाळली. १७ नोव्हेंबर १९६७ रोजी लास व्हेगास येथे त्याने रॉजर राउस यास बाराव्या फेरीत हरवून अजिंक्यपद राखले.

आबा, पोर्ट हारकोर्ट व लागोस येथे टायगरने घरे व इमारती घेतल्या होत्या. लागोसमधील मालमत्तेपासून तो युद्धामुळे तुटला. मे १९६८ मध्ये पोर्ट हारकोर्ट व त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आबा केंद्रीय फौजांच्या हाती गेले. युद्धानंतरही त्याच्या मालमत्तेचा बहुतांश भाग त्याला परत मिळाला नाही. कुटुंबाचे पोषण व पूर्वीची कमाई नष्ट झाल्याने आलेली निकड यांमुळे, निवृत्तीचे वय उलटून गेले असतानाही त्याला खेळत राहावे लागले.

पोर्ट हारकोर्टच्या पाडावानंतर काही दिवसांतच, २४ मे १९६८ रोजी, टायगरची बॉब फॉस्टरशी लढत झाली. सुमारे १९० सेंमी. उंचीच्या व विलक्षण जोरदार ठोसे मारणाऱ्या फॉस्टरने त्याला चौथ्या फेरीत बाद केले. टायगर ठोशाने पूर्णतः बाद होण्याचा त्याच्या कारकीर्दीतील हा एकमेव प्रसंग होय. त्याच वर्षी २५ ऑक्टोबर रोजी फ्रँकी डीपॉला याच्याशी झालेल्या सामन्यात दोघेही प्रत्येकी दोन वेळा खाली पडले व टायगर गुणांवर विजयी झाला. रिंग या अमेरिकी मासिकाने त्या सामन्यास वर्षातील सर्वोत्कृष्ट लढत ठरविले. २६ मे १९६९ रोजी त्याने मध्यम वजनगटाचा तत्कालीन जागतिक विजेता नीनो बेन्व्हेनूती यालाही दहा फेऱ्यांत हरविले. अजिंक्यपद मात्र त्या लढतीत पणास लागलेले नव्हते.

ब्रिटिश सरकार नायजेरियाच्या केंद्र सरकारला शस्त्रास्त्रे पुरवीत होते. त्याच्या निषेधार्थ टायगरने डिसेंबर १९६९ मध्ये आपला एम. बी. ई. हा ब्रिटिश किताब वॉशिंग्टनमधील ब्रिटिश वकिलातीकडे टपालाने परत पाठविला. काही दिवसांपूर्वी जॉन लेनन या इंग्रज गायकानेही, इतर कारणांबरोबर बिआफ्रा प्रकरणातील ब्रिटनच्या सहभागाचा निर्देश करून, आपला किताब परत केला होता. लेननच्या कृतीची जगभर चर्चा झाली. टायगरच्या कृतीला तितकी प्रसिद्धी मिळाली नाही, परंतु तीमागे प्रत्यक्ष हानी सोसलेल्या माणसाची वेदना होती. १५ जानेवारी १९७० रोजी बिआफ्राने शरणागती पत्करली. युद्धात व विशेषतः नाकेबंदीमुळे पडलेल्या दुष्काळात दहा लाखांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, असे सर्वसाधारण अनुमान आहे.

अखेरचा काळ : १५ जुलै १९७० रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टायगरचा अखेरचा सामना झाला. जुना प्रतिस्पर्धी एमिल ग्रिफिथ याने त्याला दहा फेऱ्यांत गुणांवर हरविले. त्यानंतर टायगरने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात पहारेकऱ्याची नोकरी पत्करली. दोन वजनगटांचा माजी जागतिक विजेता संग्रहालयाच्या दालनांत पहारा देताना पाहून परिचितांना आश्चर्य वाटे, पण प्रामाणिकपणे करावयाच्या कोणत्याही कामात त्याला कमीपणा वाटला नाही. १९७१ मध्ये पाठदुखीच्या तक्रारीवरून केलेल्या तपासणीत त्याला यकृताचा कर्करोग झाल्याचे आढळले. बिआफ्राच्या बाजूने उभा राहिलेला असल्याने त्याचे मायदेशी परतणे सोपे नव्हते. नायजेरियन सरकारने परवानगी दिल्यानंतर तो परतला आणि वयाच्या ४२ व्या वर्षी आबा येथे मरण पावला.

मूल्यमापन : एका प्रचलित गणनेनुसार टायगरने ८२ व्यावसायिक सामन्यांपैकी ६० जिंकले, १९ गमावले व ३ बरोबरीत सोडविले. त्याच्या सुरुवातीच्या नायजेरियातील सामन्यांच्या नोंदींविषयी एकवाक्यता नसल्यामुळे या आकड्यांत थोडाफार फरक आढळतो. रिंग मासिकाने १९६२ व १९६५ मध्ये त्याची वर्षातील सर्वोत्कृष्ट मुष्टियोद्धा म्हणून निवड केली, तर अमेरिकेतील मुष्टियुद्धविषयक पत्रकारांच्या संघटनेने १९६२ व १९६६ मध्ये त्याचा तसाच गौरव केला. अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध गौरव-मंदिरात १९९१ मध्ये त्याचा समावेश करण्यात आला. पराभवांची संख्या मोठी असूनही जाणकार त्याला श्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांत गणतात, ते त्याने आपल्या काळातील जवळजवळ सर्व प्रमुख प्रतिस्पर्ध्यांशी केलेल्या लढती आणि गमावलेले स्थान पुनःपुन्हा मिळविण्याची जिद्द यांमुळे.

होगन बॅसी व टायगर यांच्या यशाने नायजेरियात मुष्टियुद्धास प्रतिष्ठा मिळाली आणि हौशी खेळाचीही वाढ झाली. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये नोजीम मायेगून याने मुष्टियुद्धात ब्राँझपदक मिळविले. नायजेरियाचे ते पहिले ऑलिंपिक पदक होय. १९७२ मध्ये आयझॅक इखोउरिया याने ब्राँझपदक, तर १९८४ मध्ये पीटर कोन्येग्वाची याने रौप्यपदक मिळविले. १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये डेव्हिड इझोनरितेई व रिचर्ड इग्बिनेगू या दोघांनी रौप्यपदके मिळविली. टायगरच्या वाट्याला न आलेली हौशी क्रीडेतील आंतरराष्ट्रीय संधी या पुढील पिढीला लाभली. नायजेरियात त्याच्या स्मृतीला यादवी युद्धाच्या कटुतेची किनार दीर्घकाळ राहिली. इबादानचा विजय हा सर्व नायजेरियनांचा ठेवा असला, तरी तो मिळविणाऱ्या खेळाडूने पुढे त्या राष्ट्राविरुद्ध लढणाऱ्या सैन्यात सेवा केली, ही वस्तुस्थिती त्याच्या चरित्रापासून वेगळी करता येत नाही. आधुनिक आफ्रिकेतील राष्ट्रनिष्ठा व जमातनिष्ठा यांचा संघर्ष एका खेळाडूच्या आयुष्यात किती तीव्रतेने उतरू शकतो, हे त्याच्या जीवनावरून दिसून येते.